कडी काढल्यानंतरचे वाक्य

एकदा एक वृद्ध शिक्षिका भर दुकानात एका यंत्रावर बसली. यंत्र पुस्तके वाचण्याचे होते, महागाचे होते, आणि ती त्यावर चुकून बसली नव्हती. दुकानदाराच्या तोंडचे पाणी पळाले, सोबत आलेल्या शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि यंत्र मात्र तिच्या मांडीखालून गोड आवाजात बोलतच राहिले. रस्त्यावरून कुणी पाहिले असते तर म्हातारीला चळ लागला असेच म्हटले असते. पण शहाण्या माणसाची कृती आपल्याला कळत नाही तेव्हा दोष बहुधा आपल्या घाईचा असतो, म्हणून ही हकिकत पहिल्यापासून सांगतो.

या शिक्षिकेचे नाव द्वारकाबाई. एका जिल्ह्याच्या गावी त्यांनी हायस्कुलात मराठी शिकवले आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत वाचनवर्ग सुरू केला. गुरुवारी दुपारी जुने विद्यार्थी, शेजारच्या बायका, एखादा पेन्शनर असे लोक जमत आणि एकेक पुस्तक पाळीपाळीने वाचत. वर्गाला फी नव्हती, चहा होता, आणि दोन नियम होते. पहिला नियम असा, की पुस्तक मिटायचे ते नेहमी अर्ध्या वाक्यावर. प्रकरण संपले, परिच्छेद संपला, म्हणून मिटायचे नाही. वाक्य अधांतरी ठेवले की ते माणसाला परत बोलावते, असे बाई म्हणत. दुसरा नियम अधिक कडक होता. शेवटचे पान होईपर्यंत पुस्तकाबद्दल मत द्यायचे नाही. एका माजी डेप्युटी कलेक्टरांनी एकदा दुसऱ्याच प्रकरणात लेखिकेच्या दृष्टिकोनावर बोलायला घसा खाकरला, तेव्हा बाईंनी त्यांना चहा पाजला आणि पुस्तक संपल्यावर या, असे सांगून घरी पाठवले. साहेब रागावले, पण पुस्तक संपल्यावर आले.

हे दोन नियम बाई स्वतःलाही लावीत. गेल्या हिवाळ्यात त्या एकट्याने एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या. तिची नायिका साठी उलटलेली एक विधवा. मुलाच्या घरी तिला काही कमी नसते, कुणी टाकून बोलत नसते, आणि तरीही एके पहाटे ती पिशवी भरते. बाई त्या पहाटेपर्यंत पोचल्या. ‘तिने दाराची कडी काढली आणि’ एवढे शब्द वाचून त्यांनी नियमाप्रमाणे पुस्तक मिटले, खूण म्हणून केसातला आकडा घातला आणि झोपायला गेल्या.

सकाळी उठून पुस्तक उघडले तर पानाच्या मध्यभागी एक काळपट डाग. त्यांनी पान पुसले, मग चष्मा पुसला, मग खिडकीशी गेल्या. डाग त्यांच्याबरोबर खिडकीशी आला.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग दुखावला आहे. इंजेक्शनांनी आहे ते टिकेल, गेले ते परत येणार नाही. छापील पुस्तक आता वाचता यायचे नाही. अक्षर खूप मोठे, ठळक असेल तर सावकाश वाचता येईल, आणि त्यासाठी हल्ली पुस्तके वाचायची यंत्रे मिळतात. बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. घरी आल्यावर मात्र त्या पुस्तक मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. त्यांना रडू आले, आणि रडल्याने डोळ्यांना अपाय होतो का, हे डॉक्टरांना विचारायचे राहिले म्हणून त्यांनी ते आवरले.

बाईंचा एक शिष्य होता, निरंजन. शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेला, आता कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा, आणि गुरुवार न चुकवणारा. तो म्हणाला, “बाई, मी वाचून दाखवतो ना. एकच तर वाक्य आहे.”

“त्या पुस्तकाला हात लावू नकोस,” बाई म्हणाल्या. इतक्या तुटकपणे त्या त्याच्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

बाईंचा मुलगा श्रीधर हैदराबादला असतो. मुलगा गुणी, आईवर जीव टाकणारा, हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचून तुम्ही त्याला नावे ठेवाल. त्याने फोनवर सगळी योजना मांडली. “आई, तुला वाचायचा त्रासच नको. बोलणारं यंत्र मिळतं. ते माझ्या फोनला जोडून ठेवतो. पुस्तकं मी इथून टाकत जाईन, तू नुसतं ऐकायचं. तुला बोटसुद्धा हलवावं लागणार नाही.”

“आणि माझी कादंबरी?”

“ती राहू दे गं आता. या वयात मनाला शांती देणारं काहीतरी असावं. मी स्तोत्रं आणि संतचरित्रं काढून ठेवली आहेत.”

या वयात, हे दोन शब्द मला फार खटकतात. माणूस साठी ओलांडतो आणि आपण त्याच्या हातातून तिखट काढून घेतो, मीठ काढून घेतो, आणि मग कादंबरी काढून घेतो. जणू मनःशांती हे एक पातळ औषध आहे आणि ते म्हाताऱ्या माणसांना चमच्याने पाजायचे असते. ज्या बाईने तीन पिढ्यांना वाचायला शिकवले, तिने काय वाचावे हे आता हैदराबादेतून ठरणार होते. आणि ठरवणारा वाईट नव्हता, प्रेमळ होता, म्हणून तर त्याला नाही म्हणणे अवघड.

बाईंनी तेव्हा नाही म्हटले नाही. यंत्र निवडायचे काम त्यांनी निरंजनवर सोपवले, आणि इथे निरंजनच्या विद्वत्तेला पंख फुटले.

त्याने बाजारातल्या यच्चयावत वाचनयंत्रांचा अभ्यास मांडला. एक तक्ता केला. वजन, पडद्याचा आकार, प्रकाशाचा रंग, बॅटरी, किती पुस्तके मावतात, देवनागरी कशी उमटते, असे रकाने पाडले. यंत्र पाण्यात पडले तर चालेल का, हाही एक रकाना होता. बाई पाण्यात बसून वाचत नाहीत हे त्याला ठाऊक होते, पण रकाना पाडला म्हणजे तो भरला पाहिजे. परदेशी लोकांनी लिहिलेले अभिप्राय त्याने वाचले, तज्ज्ञांच्या चित्रफिती पाहिल्या, आणि एक यंत्र नक्की करावे तो त्याच कंपनीचे नवे येत असल्याची बातमी येई. मग तो पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात करी. हिवाळा संपला, शाळांच्या परीक्षा झाल्या, आंबे बाजारात आले. कादंबरी बाईंच्या टेबलावर तशीच होती, आकडा तिच्यात तसाच होता, आणि कुठल्याशा दारात एक बाई कडी हातात धरून तशीच उभी होती.

शेवटी एके दिवशी बाईंनी विचारले, “तुझं ठरलं का?”

“जवळजवळ ठरलं, बाई. पुढच्या महिन्यात एक नवीन येतंय. तेवढं थांबलो तर—”

“रिक्षा बोलाव,” बाई म्हणाल्या.

गावात अशी यंत्रे ठेवणारे एकच दुकान होते. दुकानदार उत्साही होता. बाईंना पंख्याखाली कोच दिला, गार पाणी दिले आणि निरंजनच्या तक्त्यात पहिले आलेले यंत्रच आधी आणले. रंगीत पडदा, झुळझुळीत पाने, आणि श्रीधरला हवा होता तो आवाज. बाईंनी आपल्या कादंबरीचे नाव सांगितले, ती यंत्रात होती. पिशवी भरण्याचा प्रसंग सांगितला, दुकानदाराने तोही शोधला. “आता बघा हं आजी,” असे म्हणून त्याने पडद्याला बोट लावले. यंत्रातली बाई साखर पेरल्यासारख्या आवाजात म्हणाली, “तिने दाराची कडी काढली आणि—”

याच क्षणी द्वारकाबाईंनी यंत्र हिसकावले, मांडीखाली दाबले, त्यावर बसल्या आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. यंत्र खालून बोलतच होते. तेव्हा बाईंनी डोळे मिटून खड्या आवाजात पाढा सुरू केला. “एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न...”

“अहो आजी, काच आहे त्याला,” दुकानदार म्हणाला.

“बाई, उठा ना. लोक बघताहेत,” निरंजन म्हणाला.

बाई दशकापर्यंत पोचल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. अखेर निरंजनने कोचाच्या कडेने हात घालून यंत्र ओढून काढले आणि बंद केले. बाईंनी कानांवरचे हात काढले, पदर सारखा केला आणि काहीच घडले नसल्यासारखे म्हणाल्या, “दुसरं दाखवा. आणि माझी कादंबरी नको, दुसरं काही उघडा.”

दुसरे यंत्र पातळ आणि देखणे होते. अक्षर मोठे केले तर बाईंना दिसले, आणि त्यांचा चेहरा उजळला. दोन पाने त्यांनी वाचली. मग एका ओळीखाली त्यांना ठिपक्यांची रेघ दिसली. “हे काय?”

“ते वाक्य पुष्कळ वाचकांना आवडलेलं आहे, आजी. ते दाखवतं हे.”

“म्हणजे माझ्या आधी लोक माझ्या पानावर रेघा मारून गेले,” बाई म्हणाल्या. “आणि खाली हे आकडे कसले?”

“तुमच्या वेगानं पुस्तक संपायला अजून किती वेळ लागेल, ते.”

“किती वेळ उरला ते मला यंत्रानं सांगू नये. माझं वय मला पाठ आहे.”

“बंद करता येतं ते सगळं,” दुकानदार घाईने म्हणाला.

“येत असेल. पण बंद करायला लागतं, म्हणजे मला न विचारता आधी कुणीतरी चालू केलं. ठेवून द्या.” आणि मग त्यांनी काचेच्या कपाटात मागे पडलेल्या एका करड्या रंगाच्या पाटीकडे बोट केले. “ते काय आहे?”

दुकानदाराने ते नाइलाजाने काढले. कडा झिजलेल्या, जुना नमुना, हाताळायला म्हणून ठेवलेला. त्यात रंग नव्हता, आवाज नव्हता. पुस्तक घालायचे तर कॉम्प्युटरला वायर जोडून घालावे लागे, आणि पान उलटताना पडदा क्षणभर डोळा मारल्यासारखा काळा होई. बाईंनी अक्षर मोठे करा म्हटले. अजून मोठे. अजून. एका पानावर जेमतेम पाच-सात शब्द मावू लागले, तेव्हा त्या थांबल्या आणि त्यातली कुठलीशी एक गोष्ट वाचू लागल्या.

त्यांचे ओठ हलत होते. बोट ओळीखालून सरकत होते, पहिलीतल्या मुलाचे सरकते तसे. चहा आला, त्यावर साय धरली. निरंजन खोकला. दुसरी गिऱ्हाइके आली आणि गेली. दुकानदाराने जेवणाच्या वेळेला शटर अर्धे ओढले आणि अदबीने विचारले, “आजी, घ्यायचं का नाही, काही ठरलं?”

बाईंनी मान वर न करता एक बोट उभे केले. “थांबा. वाक्य अर्ध्यावर येऊ दे.”

ते आले. त्यांनी यंत्र बंद केले आणि म्हणाल्या, “हेच बांधा.”

निरंजनला राहवेना. “बाई, हे माझ्या तक्त्यात सगळ्यात खाली आहे. पान उलटायला किती वेळ लागतो त्याला.”

“मलाही लागतो,” बाई म्हणाल्या.

“आणि श्रीधरच्या फोनला ते जोडता येणार नाही.”

“हो ना,” बाई म्हणाल्या, आणि हसल्या.

परतताना रिक्षात त्यांनी विचारले, “निरंजन, आपल्या वर्गाचा दुसरा नियम काय?”

“शेवटचं पान झाल्याशिवाय मत द्यायचं नाही.”

“तू यांतल्या कुठल्या यंत्रावर एक तरी पान वाचलं होतंस?”

निरंजनने यंत्रांबद्दल सगळे वाचले होते, यंत्रावर काहीच वाचले नव्हते.

“म्हणजे इतके महिने तू मतंच वाचत बसलास. तीही परक्यांची. माझ्या नियमात वाढलेला मुलगा तू, आणि नियम पुस्तकाला लावलास, यंत्राला लावायचं विसरलास.” बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. “आता दुकानात मी काय केलं ते ऐक. ज्यांची दृष्टी पुरती गेली त्यांना तो बोलणारा आवाज देवासारखा आहे. माझी जाईल त्या दिवशी मीही त्याला हात जोडीन. पण अजून थोडी आहे, आणि जेवढी आहे तेवढ्यावर मी वाचणार. अरे, ऐकत तर मी जन्मभरच आले. कुठल्या कॉलेजात जायचं ते वडिलांचं ऐकलं. नोकरी केव्हा सोडायची आणि केव्हा परत धरायची ते सासूबाईंचं ऐकलं. शाळेत हेडमास्तरांचं ऐकलं. वाचायला बसले की तेवढ्यापुरतं कुणी बोलत नसे. तेव्हा जो आवाज असायचा तो माझाच, आतला. तो बंद करून त्याजागी दुसरीचा गोड आवाज बसवायला निघालात तुम्ही. म्हणून मी त्याच्यावर बसले.”

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिले. निरंजनने खाली पाहिले. त्याला आपल्या तक्त्यातला प्रत्येक रकाना आठवला, आणि काय वाचायचे हे कोण ठरवणार, असा रकाना त्यात नव्हता हेही आठवले.

घरी आल्यावर त्याने वायर जोडून बाईंची कादंबरी करड्या यंत्रात घातली. तेवढ्यात श्रीधरचा फोन आला. निरंजनने तो स्पीकरवर लावून दिला, कारण फोनवरची अक्षरे बाईंना दिसत नव्हती.

“आई, निरंजनचा निरोप आला. असं कसं घेतलंस गं? माझ्या फोनला जोडलेलं असतं तर तू काय वाचतेस ते मला इथून दिसलं असतं. काळजी वाटते म्हणून म्हणतो.”

“श्रीधर, तू बारावीत असताना रसायनशास्त्राच्या पुस्तकात घालून काय वाचायचास, ते मला ठाऊक होतं.”

निरंजन वायर गुंडाळण्यात फार मग्न झाला.

“ठाऊक असून मी कधी एकदम आत आले नाही. बाहेर उभी राहून दार वाजवायचे. तू ‘ये’ म्हणायचास, मधे थोडा वेळ जायचा, तोही मी जाऊ द्यायचे. काळजी मलाही होती. पण वाचणाऱ्या माणसाच्या खोलीत न विचारता शिरू नये, एवढं मला कळत होतं. आता तू माझं दार वाजव.”

मग श्रीधर हळूच म्हणाला, “आई, तुला तेव्हापासून माहीत होतं?”

“मराठीची शिक्षिका होते मी. रसायनशास्त्र वाचताना मुलगा हसत नाही, एवढं मला समजतं. ठेव आता फोन. मला वाचायचंय.”

बाईंनी फोन ठेवला नाही, श्रीधरनेच ठेवला, आणि ठेवण्याआधी “बरं” म्हणाला. त्या “बरं”मध्ये राग नव्हता. थोडी लाज होती आणि थोडे हसू होते.

बाई यंत्र घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतले. निरंजन बाहेर बसून राहिला. त्याला कळत होते, की आता बाई त्या पहाटेपर्यंत पोचत असतील, पाच-सात शब्दांचे एकेक पान उलटत असतील, पडदा दरवेळी काळा होऊन पुन्हा उजळत असेल. आत काहीच वाजेना. त्याला काळजी वाटू लागली, डोळ्यांना त्रास तर होत नसेल. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि हात आपोआप कडीकडे जात होता तो त्याने वर नेऊन दारावर टकटक केली.

“ये,” बाई म्हणाल्या. मधे थोडा वेळ गेला होता.

त्या खिडकीशी बसल्या होत्या. गाल ओले होते आणि चेहरा हसरा होता. बारावीतल्या मुलाचा असावा तसा, पकडला गेलेला आणि मुळीच न ओशाळलेला.

“काय झालं, बाई? कडी काढून पुढे काय केलं तिनं?”

बाईंनी यंत्र पालथे घातले. “शेवटचं पान व्हायचंय अजून,” त्या म्हणाल्या.

निरंजन हसला. मग त्याने टेबलावरची छापील कादंबरी उचलली. “ही मी नेऊ?” बाईंनी मान डोलावली, पण आधी हात पुढे करून आपला आकडा काढून घेतला आणि केसात खोवला. ती खूण त्यांची होती, त्याची कुठे पडायची ते त्याचे त्याने ठरवायचे होते. घरी जाऊन त्याने तक्ता गुंडाळून माळ्यावर टाकला आणि पुस्तक पहिल्या पानापासून उघडले. वाचनयंत्रांच्या नादात त्याने हिवाळ्यापासून एकही पुस्तक वाचले नव्हते, हे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ध्यानात आले.

पुढचा गुरुवार आला, त्याच्या पुढचाही गेला. एके संध्याकाळी बाईंचा फोन वाजला. “बाई,” निरंजन म्हणाला, “तिने कडी काढली. तिथं मिटलंय मी.”

“आता कसं वाटतंय?”

“झोप यायची नाही.”

“मला सहा महिने आली नाही,” बाई म्हणाल्या. “उद्या वाच, आणि वाचून मला काही सांगू नकोस.”

ते वाक्य मीही वाचले आहे. मीही सांगणार नाही. फक्त एवढेच सांगतो, की तुमच्या घरात कुणी वाचत बसले असेल, तर त्याचे वय काहीही असो, आत जाताना दार वाजवा.